ब्राउझरमध्ये अंतर-सेन्सरचा थेट स्पेक्ट्रम : शिखर चुकीच्या जागी का येते?

ठाणे_फिजिक्सलॅब (प्रश्न)

नमस्कार. ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. आंदोलनांचा धडा घेताना लंबकाचे आणि स्टीलच्या फूटपट्टीचे हेलकावे वर्गाला पडद्यावर थेट दिसावेत आणि शेजारीच त्यांची वारंवारताही उमटत राहावी, असा माझा बेत आहे. प्रयोगशाळेतील संगणकांवर परवानगीवाचून कोणतेही सॉफ्टवेअर टाकता येत नाही आणि ती परवानगी मिळेपर्यंत सत्र उलटते. क्रोम मात्र प्रत्येक संगणकावर आहे, म्हणून सगळे काम ब्राउझरमध्येच करायचे ठरवले.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेले व्हीएल५३एल०एक्स हे लेझरवर चालणारे अंतरमापक मोड्यूल अर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडले आहे. बोर्ड प्रत्येक वाचन मिलिमीटरमध्ये एकेका ओळीत पाठवतो. पान ते वेब सिरियलने (ब्राउझरला जोडलेल्या उपकरणाशी थेट बोलू देणारी सोय) वाचते, ५१२ वाचने साठवते, त्यांचा एफएफटी (त्यांत कोणती वारंवारता किती आहे हे शोधणारे गणित) काढते आणि वारंवारतांचा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, रंगवते. सेन्सरच्या माहितीपत्रकात एका वाचनाला ३३ मिलिसेकंद लागतात असे दिले असल्यामुळे नमुन्यांचा दर सेकंदाला ३० धरला आहे.

अडचणी अशा आहेत. २५ सेंमी लांबीच्या लंबकाची वारंवारता १ हर्ट्‌झच्या आसपास यायला हवी, पण शिखर १.११ वर येते. १ मीटरच्या लंबकाला ०.५ ऐवजी ०.५३ ते ०.५९ यांच्या दरम्यान काहीतरी दिसते. गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी मी नीट मोजलेली आहे. फूटपट्टीची कथा तर त्याहून विचित्र आहे : १ मिमी जाडीची पट्टी टेबलाच्या कडेला शिकंजात घट्ट धरून २० सेंमी भाग बाहेर ठेवला, तर शिखर ८ हर्ट्‌झच्या जवळ येते, बाहेरचा भाग १८ सेंमी केला, तर ते ३ च्या जवळ उतरते. पट्टी आखूड केली की कंप जलद व्हायला हवा, हे अकरावीच्या मुलांनाही ठाऊक असते. त्यांच्यासमोर हा आलेख दाखवण्याची सोय नाही. शिवाय काहीही बदलले की आलेख स्थिर व्हायला सतरा-अठरा सेकंद लागतात.

एफएफटीची लायब्ररी बदलावी का? ब्राउझरमध्ये ध्वनीसाठी जो तयार विश्लेषक असतो, तो वापरला तर हे प्रश्न सुटतील का?

महापे_एम्बेडेड

मॅडम, लायब्ररीला हात लावू नका. तुमच्या लंबकांनीच निदान करून दिले आहे. दोन्ही वेळा उत्तर साधारण एकाच प्रमाणात, म्हणजे दहा-अकरा टक्क्यांनी जास्त आले आहे. लांबी मोजण्यात दोन सेंटीमीटरची चूक झाली असती, तर २५ सेंमीच्या लंबकाची वारंवारता सुमारे चार टक्क्यांनी आणि मीटरभर लंबकाची जेमतेम एका टक्क्याने बदलली असती, कारण वारंवारता लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. सगळीकडे सारखाच गुणक चुकतो, तेव्हा दोष वेळेच्या अक्षात असतो. तुमच्या बोर्डावरून सेकंदाला ३० नव्हे, तर सुमारे २७.३ वाचने येत आहेत. म्हणजे एका वाचनाला ३३ ऐवजी ३६-३७ मिलिसेकंद लागत आहेत.

याचे कारण बहुधा असे की, तुम्ही सेन्सरला प्रत्येक वेळी नव्याने ‘एक वाचन घे’ असे सांगत असाल. ३३ मिलिसेकंद हा निव्वळ मापनाचा अवधी आहे. त्यावर मापन सुरू करण्याची आज्ञा, ते पूर्ण झाले का याची विचारणा, आय-टू-सी (सेन्सर आणि बोर्ड यांना जोडणारी दोन तारांची वाहिनी) वरून आकडा आणणे आणि ओळ छापणे हा सगळा खर्च चढतो, आणि तो दर खेपेला तंतोतंत सारखाही नसतो. सेन्सर सलग मापनाच्या मोडमध्ये टाका, मापनाचा अवधी २० मिलिसेकंद करा आणि आय-टू-सीचा वेग ४०० किलोहर्ट्‌झ ठेवा. दर सेकंदाला ४८ च्या आसपास जाईल. या चिपकडून ५० च्या पुढे काही मिळत नाही.

पण दर वाढवण्याआधी दुसरे काम करा : प्रत्येक वाचनासोबत त्याची वेळ बोर्डावरूनच पाठवा. ब्राउझरमध्ये ओळ आली त्या क्षणाची नोंद करून भागेल असे वाटते, पण ते फसवे आहे. यूएसबी-सिरियल चिप काही बाइट साठेपर्यंत थांबते (एफटीडीआय कंपनीच्या चिपमध्ये ही थांबण्याची मर्यादा मुळात १६ मिलिसेकंद असते), त्यावर ऑपरेटिंग सिस्टमचा वेळ, मग ब्राउझरचा. त्यामुळे वाचने एकटी-दुकटी न येता घोळक्याने येतात. मापन पूर्ण झाल्याबरोबर बोर्डावरील मायक्रोसेकंदांचा काउंटर वाचावा आणि ‘वेळ, स्वल्पविराम, अंतर’ अशी ओळ पाठवावी. उनोवर हा काउंटर ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने चालतो, तुमच्या कामाला तो हवा त्यापेक्षा कितीतरी बारीक आहे. फक्त एवढे लक्षात ठेवा की तो सुमारे ७१ मिनिटांनी शून्यावर येतो. दोन सलग वेळांतील फरक ऋण आला, तर त्यात ४२९४९६७२९६ मिळवायचे. हे केले नाही, तर दोन तासिकांच्या सलग प्रात्यक्षिकात आलेख मध्येच वेडावाकडा होईल आणि कारण कोणालाच कळणार नाही.

आता फूटपट्टी. एका टोकाला धरलेल्या सपाट पट्टीची मूळ वारंवारता काढायला जाडीला लांबीच्या वर्गाने भागावे, पोलादातील ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सुमारे ५०५० मीटर प्रति सेकंदाने गुणावे, आणि पुन्हा ०.१६२ ने गुणावे. रुंदीचा संबंध येत नाही. २० सेंमीला उत्तर २०.४ हर्ट्‌झ येते आणि १८ सेंमीला २५.२. सेकंदाला २७.३ नमुने घेणाऱ्या यंत्रणेला त्याच्या निम्म्यापर्यंतच, म्हणजे १३.६ हर्ट्‌झपर्यंतच खरे दिसते. त्यापलीकडचे कंप दुमडून खाली येतात, सिनेमात धावत्या गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात तसे. २७.३ मधून २०.४ वजा केले की ६.९ उरतात, तुमच्या चुकीच्या अक्षावर ते ७.६ दिसतील. २५.२ वजा केले की २.१ उरतात, ते २.३ दिसतील. तुम्हाला ८ आणि ३ दिसले, कारण शिकंजा कधीच गणितातल्याइतका ताठ नसतो. पट्टीची खरी वारंवारता थोडी कमी भरते आणि दुमडलेल्या आलेखात ‘थोडी कमी’ ही ‘थोडी जास्त’ होऊन उमटते. पट्टी आखूड केल्यावर शिखर खाली उतरले, यातच सगळे आले.

दुमडलेले शिखर एफएफटीनंतर कोणत्याही युक्तीने ओळखून वेगळे काढता येत नाही. नमुना घेतला त्या क्षणीच ती माहिती हरवलेली असते. तेव्हा वर्गासाठी पट्टीचा २५ सेंमी भाग बाहेर ठेवा. वारंवारता १३ च्या आसपास येईल आणि ४८ च्या दराला ती निर्धास्त दिसेल. १८ सेंमीचा प्रयोग या सेन्सरवर करूच नका.

एक राहिले. लंबकाच्या खाली सेन्सर ठेवून वर पाहू नका. गोळा एका फेरीत दोनदा वर जातो आणि दोनदा खाली येतो, त्यामुळे दुप्पट वारंवारता मिळते. सेन्सर आंदोलनाच्या रेषेत, बाजूने रोखलेला असावा.

घोडबंदर_वेब

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. मी पानाच्या बाजूबद्दल लिहितो.

ध्वनीचा तयार विश्लेषक या कामाचा नाही. तो ध्वनीच्या दराने चालतो. ४८००० नमुन्यांच्या दराला त्याची सर्वांत मोठी खिडकी (एका वेळी हिशेबात घेतलेला नमुन्यांचा तुकडा), म्हणजे ३२७६८ नमुने, घेतली तरी आलेखातील दोन शेजारच्या वारंवारता-पट्ट्यांत १.४६ हर्ट्‌झचे अंतर राहते. तुमचे दोन्ही लंबक त्या पहिल्या एक-दोन पट्ट्यांतच गडप होतील. शिवाय तो ब्लॅकमन खिडकी (तुकड्याच्या टोकांकडच्या नमुन्यांचे वजन कमी करणारा वजनांचा संच) स्वतःहून लावतो, मागच्या आलेखाशी ०.८ च्या प्रमाणात सरासरी करतो आणि उत्तर डेसिबलमध्ये देतो. गाण्याच्या तालावर नाचणाऱ्या पट्ट्या दाखवायला हे छान आहे, पण भौतिकशास्त्राच्या तासाला अक्षावर काय आहे हे शिक्षकाला सांगता आले पाहिजे.

माझे मत थोडे अप्रिय वाटेल, पण तुम्हाला एफएफटीचीच गरज नाही. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी मांडलेली ती पद्धत लाखो नमुन्यांसाठी वरदान आहे. तुमच्याकडे पाच सेकंदांत सुमारे २४० नमुने येतात. ०.२ पासून २४ हर्ट्‌झपर्यंत ०.०५ च्या पायरीने जवळपास ४८० वारंवारता घ्या, प्रत्येकीसाठी सर्व नमुन्यांना त्या-त्या वेळेच्या कोसाइनने आणि साइनने गुणून बेरजा करा, आणि दोन बेरजांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढा. प्रत्येकी सव्वा लाखाच्या आतले गुणाकार झाले. प्रयोगशाळेतला जुना संगणकही हे सेकंदाला दहा वेळा सहज करील. नमुन्यांची संख्या दोनचा घात असण्याचे बंधन जाते, आणि महत्त्वाचे म्हणजे नमुने समान अंतराने आले असण्याचेही बंधन बरेचसे सैल होते, कारण बेरजेत बोर्डावरून आलेली खरी वेळच वापरली जाते. हीच कल्पना नेटकेपणाने मांडणारी लोम्ब आणि स्कार्गल यांची पद्धत (१९७६ आणि १९८२) खगोलशास्त्रज्ञ वापरतात. ढगाळ रात्री निरीक्षणे तुटतात, तिथे समान अंतराचा आग्रह धरून चालत नाही. वीस ओळींचा हा कोड मुलांना फळ्यावरही समजावता येतो.

बेरजा करण्यापूर्वी सर्व वाचनांची सरासरी वजा करा. ३०० मिमी अंतरावर १० मिमीचे हेलकावे असतील, तर शून्य हर्ट्‌झपाशी ३०० चा डोंगर उभा राहतो आणि त्याचा उतार थेट अर्ध्या हर्ट्‌झच्या लंबकापर्यंत पसरतो. त्यानंतर हान खिडकीने (तशाच आणखी एका वजनांच्या संचाने) गुणा, म्हणजे तुकड्याची दोन्ही टोके शून्यावर येतात.

व्हीएल५३एल०एक्सला लक्ष्य सापडले नाही की तो ८१९० किंवा ८१९१ असा आकडा देतो. असा एक आकडा जरी खिडकीत शिरला तरी संपूर्ण स्पेक्ट्रम उचलला जातो आणि शिखर त्यात बुडते. ते वाचन टाकून द्या; वेळ सोबत असल्यामुळे मधली फट राहिली तरी बिघडत नाही. दुपारच्या वेळी पश्चिमेकडच्या खिडकीतून ऊन येत असेल तर हे आकडे वाढतील, कारण हा सेन्सर ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर चालतो आणि उन्हात तो प्रकाश भरपूर असतो. पडदा ओढा.

वेब सिरियलबद्दल : क्रोमच्या ८९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, ते डेस्कटॉपवर आहे. पान एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवरून (त्याच संगणकावरून) उघडलेले असावे लागते आणि पोर्ट निवडण्याची खिडकी वापरकर्त्याने बटण दाबल्यावरच उघडते. एकदा वाचून आलेला तुकडा म्हणजे एक ओळ, असे कधीही धरू नका. ‘३१’ एका तुकड्यात आणि ‘४’ पुढच्यात येऊ शकतो, आणि मग ३१४ मिमीच्या जागी ३१ आणि ४ अशी दोन वाचने तयार होतात. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत मजकूर जोडत जा. पोर्ट उघडताना बफर (आलेला मजकूर तात्पुरता साठवण्याची जागा) मुळात २५५ बाइटचा असतो, तो काही हजारांवर न्या. वाचन आणि रेखाटन वेगळे ठेवा : तुम्ही दुसऱ्या टॅबवर गेलात की ब्राउझर रेखाटन थांबवतो, आणि वाचनही त्याच फेऱ्यात गुंतलेले असेल तर मधला डेटा जातो.

सतरा सेकंदांच्या विलंबाला मात्र फुकटचा उपाय नाही. दोन जवळच्या वारंवारता वेगळ्या दिसायला हव्यात तर खिडकी लांब लागते, आणि लांब खिडकी म्हणजे सावकाश प्रतिसाद. नमुन्यांचा दर दुप्पट केल्याने ही तडजोड बदलत नाही, मागे शून्ये जोडून आलेख गुळगुळीत केल्यानेही नाही. पानावर दोन बटणे द्या : लंबकासाठी पंधरा सेकंद, पट्टीसाठी चार. खिडकीत निदान सहा-सात आवर्तने बसली पाहिजेत. आलेख दर दशांश सेकंदाला नव्याने काढला तर खिडकी लांब असूनही शिखर हळूहळू उगवताना दिसते, आणि वर्गात तेच अधिक बोलके ठरते.

रबाळे_देखभाल

मॅडमच्या धाग्यात मध्येच शिरतो, त्याबद्दल क्षमस्व. आमच्याकडे रबाळे एमआयडीसीत बेल्टवर चालणारा एक ब्लोअर आहे, मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची. असाच सेन्सर त्याच्या पायासमोर लावून कंपन पाहता येईल का? यंत्राला काहीही चिकटवावे लागणार नाही, हे सोयीचे वाटले.

महापे_एम्बेडेड

नाही, आणि कारण दराच्याही पलीकडचे आहे. १४४० फेऱ्या म्हणजे २४ हर्ट्‌झ. ४८ च्या दराला ही नेमकी निम्म्याची सीमा आहे, बेअरिंगच्या वारंवारता तर फारच वर. पण दर हजाराचा असता तरी उपयोग झाला नसता. कंपनाचा वेग सेकंदाला ४.५ मिमी आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) असेल, जो अशा यंत्राला काळजी करण्याजोगा मानला जातो, तर २४ हर्ट्‌झला प्रत्यक्ष विस्थापन त्या वेगाला २४ आणि २π यांच्या गुणाकाराने भागून येते : ०.०३ मिमी. सेन्सर मिलिमीटरच्या पायरीने मोजतो. वारंवारता जसजशी वाढते तसतसे त्याच वेगाचे विस्थापन आणखी घटते.

स्वस्तात हवे असेल तर प्रवेगमापक घ्या. एडीएक्सएल३४५ सेकंदाला ३२०० वाचनांपर्यंत जातो. तो बेअरिंगच्या आवरणावर पक्का बसवावा लागतो, चिकटपट्टीने लटकवून चालत नाही. पान तेच राहील, फक्त इतक्या नमुन्यांना वर सुचवलेली साधी बेरीज पुरणार नाही, तिथे एफएफटी लागेल. एचसी-एसआर०४ हा श्राव्यातीत ध्वनीवर चालणारा सेन्सर कोणी सुचवला तर तोही सोडा : प्रतिध्वनी विरण्यासाठी त्याच्या दोन वाचनांत ६० मिलिसेकंद ठेवण्याची शिफारस आहे, म्हणजे दर सेकंदाला सोळा-सतरा. टाकीतील पाण्याची पातळी पाहायला तो चांगला आहे.

ठाणे_फिजिक्सलॅब

सर्वांचे मनापासून आभार. बोर्डावरून वेळ पाठवायला सुरुवात केली आणि साध्या बेरजेचा कोड घातला. २५ सेंमीचा लंबक आता १.०० वर स्थिर आहे, मीटरभर लंबक ०.५० वर. पट्टीचा २५ सेंमी भाग बाहेर ठेवल्यावर शिखर १२.६ वर येते आणि बाहेरची लांबी वाढवली की ते खाली सरकते, जसे सरकायला हवे. जुना २७ चा दर मी पानावर एका वेगळ्या बटणाखाली मुद्दाम ठेवला आहे. दुमडलेले शिखर मुलांना तिथेच दाखवीन.

आता शेवटची शंका. उभ्या अक्षावर मिलिमीटर लिहावेत असे वाटते, पण पट्टीचे टोक डोळ्यांना मध्यापासून १० मिमी हलताना दिसत असताना शिखराची उंची जेमतेम ३ मिमी भरते. बेरजेला नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्याने भागते आहे.

घोडबंदर_वेब

हान खिडकीने सर्वच नमुन्यांचे वजन सरासरीने निम्मे केले आहे. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्याने नव्हे, तर खिडकीच्या सर्व वजनांच्या बेरजेच्या निम्म्याने भागा. उंची लगेच दुप्पट होईल.

महापे_एम्बेडेड

म्हणजे सहा मिमी झाले. उरलेली तूट मोजमापाच्या जागी आहे. चार सेकंदांच्या खिडकीत कंप विरत जातो आणि शिखर त्या सगळ्या काळाची सरासरी दाखवते, सुरुवातीचे १० मिमी नाही. सेन्सर २० मिलिसेकंदांत जे घडते त्याची सरासरी घेतो, त्यामुळे १२.६ हर्ट्‌झला आणखी सुमारे दहा टक्के कमी. तो टोकाच्या खाली आहे की दोन-तीन सेंमी आत, यानेही फरक पडतो.

त्यानंतर दृष्टिक्षेत्र. या सेन्सरचा शंकू २५ अंशांचा आहे. १० सेंमी अंतरावर तो ४.४ सेंमीचे वर्तुळ पाहतो. तुमची पट्टी अडीच सेंमी रुंद असेल, तर उरलेल्या भागातून मागचे छत किंवा भिंत डोकावते आणि स्थिर पार्श्वभूमी मिसळल्याने हालचाल लहान भासते. सेन्सर पट्टीपासून ५-६ सेंमीवर आणा आणि खालच्या बाजूला पांढरा कागद चिकटवा, कारण चकचकीत स्टील प्रकाश आरशासारखा भलतीकडे परावर्तित करते. कागद हलका असू द्या. जाड पुठ्ठा टोकाला लावलात तर वारंवारता खाली येईल. मोड्यूलच्या काचेवर कारखान्यातून येणारी पिवळसर संरक्षक पट्टी अजून तशीच असेल, तर तीही चिमट्याने काढून टाका.

हे सगळे करूनही उंची पाच-दहा टक्क्यांनी चुकेल. अक्षावर ‘सापेक्ष’ असे लिहिले तर बरे. मिलिमीटर दाखवायचेच असतील, तर शेजारी अंतराचा वेळेनुसार आलेख ठेवा आणि मुलांना विस्तार तिथून मोजू द्या.